फुटाला एक सूत

बीड वितळून साच्यात उतरतं
आणि निवताना आकसतं.
म्हणून लाकडी पॅटर्न मापापेक्षा मोठा करायचा,
फुटाला एक सूत.
आण्णांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट,
उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
सागवानी भुशात मांडी घालून.

त्यासाठी पट्टीही वेगळी असते.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून लांब.
दिसायला तंतोतंत इतर पट्ट्यांसारखी;
कापड मोजायला नेली
तर भांडण होईल.

हल्ली रात्री गंगावेशीत
म्हशीखालून आलेल्या पेल्याचा फेस ओठाला लावून
आम्ही तिघं त्याच पट्टीनं गाव मोजतो.
इलाही म्हणतो, मिलचा भोंगा झाला
की आख्खी पेठ घड्याळं लावायची.
धोंडीराम म्हणतो, रंकाळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायचो.
मी म्हणतो, दुधात तर चमचा उभा राहायचा.
फुटाला एक सूत.
कधी दोन.
एकदा धोंडीरामनं खासबागेतली गर्दी
एवढी वाढवली, एवढी वाढवली
की म्हैस मान वळवून बघायला लागली.

घरी येऊन हे सांगितलं तर विजयमाला म्हणाली,
"भोंगा मलाबी आठवतोय.
त्याच्या आधी उठून नळावर नंबर लावायला लागायचा.
तीन घागरी, आणि वर सासूबाईंचा आवाज.
तुमचं जुनं कोल्हापूर तुम्हालाच लखलाभ."
आणि मोरीतला नळ उगाच सोडला, बंद केला,
नवी अंगठी फिरवून दाखवावी तसा.

मी गप्प.
कारण आण्णांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.
बँडसॉनं नेलेली दोन
मी सांगताना कधी धरत नाही.
माझ्या सांगण्यातले आण्णा पाची बोटांनी रंधा मारतात.
मालकानं दिलेली आठवड्याची रजा, बिनपगारी,
तीही त्या पट्टीवर कुठं येत नाही.

पोरगा म्हणतो, माळा मोकळा करा.
तो कॉम्प्युटरवर पॅटर्न काढतो,
सूत त्यात आपोआप धरलं जातं.
"लाकडं बंबात घाला, हिवाळा निघेल."
निम्मी घातली.
खोटं कशाला बोला, पाणी चांगलं तापलं.

दिवाळीनंतर कसबा बावड्याची एक बाई आली,
पोत्यात गुंडाळलेलं चरकाचं चाक घेऊन.
तीन दात गेलेले.
गुऱ्हाळ चार दिवस थंड,
आणि चाक ओतणारा कारखाना कधीच बंद पडलेला.
माळ्यावर चढताना माझे पाय कापत होते:
हे वरच्या निम्म्यात होतं, की बंबातल्या?

होतं.
कोळ्याच्या जाळ्यात, कडेला पेन्सिलीनं
आण्णांचं तिरकं अक्षर: सूत धरले आहे.

दांड्यावर लावून बघितलं, हौसेनं.
बसलं नाही. बसायचं नसतंच त्यानं.
मग वाळूत दाबलं, बीड ओतलं,
रात्रभर निवू दिलं.
सकाळी ते आकसलेलं चाक
दांड्यावर असं गेलं, जसं काही तिथंच जन्मलेलं.
बाई म्हणाली, दुसरं एक लहान चाकबी झिजलंय.
ते मी जाळलं होतं.

संध्याकाळी तिनं गुळाची ढेप पाठवली.
ती घेऊन रात्री गंगावेशीत गेलो
आणि साध्या पट्टीनं सांगितलं:
आण्णांची बोटं, तीन.

इलाहीनं मिशीचा फेस पुसला.
म्हणाला, "भोंगा वाजला की आमचा बा
चपला हातात घेऊन पळायचा.
पाच मिनिटाला अर्धा रोज कापायचे."
धोंडीराम बराच वेळ गुळाचा खडा चघळत राहिला.
मग म्हणाला,
"पण पाणी खरंच प्यायचो रे."
"प्यायचो," आम्ही दोघं म्हणालो.
म्हैस खाली बघून रवंथ करत होती.